घनश्यामभाऊची तिसरी

मी चंद्रभागाबाई, चक्कीवाली. माहं तोंड एकदा सुटलं की आवरत नाही, हे गावात कोणालेही विचारा. पण ही गोष्ट मी इतकी वर्षं पोटात ठेवली, अन् ती चंद्रकलासाठी ठेवली. आज सांगून राहिली तेही तुम्ही बाहेरगावचे आहात म्हणून. इथं कोणाजवळ बोलसान तं मी सरळ म्हणन की मी काहीच सांगतलं नाही.

चंद्रकलाची मुरमुऱ्याची भट्टी माह्या चक्कीले लागूनच आहे. मधात फक्त एक कुडाची भिंत. इकडे माही चक्की घरघरते, तिकडे तिच्या कढईत रेती तापलेली असते अन् तांदूळ फुटत राहते. बाजाराच्या दिवशी पोतं घेऊन ती बसनं पवनीले जाते. कंडक्टर पोत्यावरून दर खेपेले कटकट करते अन् दर खेपेले मूठभर मुरमुरे खाऊन गप्प बसते. साधी बाई आहे बाप्पा. इतकी साधी की कधीकधी मले तिचाच राग येते.

लग्न होऊन आली तवा अगदी पोरगीच होती. नवरा ताराचंद, पवनीच्या एका दुकानात पोती उचलायचा, गरीब स्वभावाचा माणूस. सगळं ठीक होतं, पण लेकरू झालं नाही. डॉक्टर झाले, वैद्य झाले, नवस झाले. सासू टोमणे मारत मारतच वर गेली. आमच्या गावात कोणाकडे बारसं असलं की मुरमुरे चंद्रकलाकडूनच जात, पण चंद्रकलाले बोलावणं जात नसे. वांझ बाईची सावली नको म्हणते लोक, दुसरं काय! एकदा ती आपणहून एका घरी मुरमुरे द्यायले गेली अन् पाळण्यात डोकावली, तं घरवालीनं पाळणाच आत सरकवला. मले समजलं तवा मी त्या बाईचं दळण महिनाभर दळलं नाही. म्हटलं, जाय, जात्यावर दळ.

घनश्याम हा चंद्रकलाचा चुलत भाऊ. तिच्या माहेरचा, इथून जवळच्याच गावचा. ठेकेदारी करता करता पंचायत समितीचा मेंबर झाला. माणूस दिसायले देखणा, बोलायले गोड, पांढरा शर्ट कधी चुरगळलेला पाहिला नाही. आमच्या गावातूनही त्याले मतं पडत. मनिष अन् डिंपल, अशी त्याले दोन पोरं. अन् मंग मेंबरकीच्या मधातच त्याची बायको पुन्हा गरोदर राहिली.

आता तुम्हाले नियम माहीत असन. दोनच्या वर पोरं झाली की आपल्या महाराष्ट्रात सरपंचकी जाते, पंचायत समिती जाते, जिल्हा परिषद बी जाते. आमदाराले अन् खासदाराले मात्र हा नियम नाही. त्याइले दहा असली तरी चालते. हे कोणत्या शहाण्यानं ठरवलं ते मले विचारू नका.

तं घनश्यामची बायको पोट दिसायच्या आधीच नागपूरले बहिणीकडे जाऊन राहिली. अन् इकडे घनश्याम एक दिवस चंद्रकलाच्या घरी आला, दार लावून बसला. त्यानं काय सांगतलं असन ते तुम्हीच समजा. पुढं चंद्रकलाही "डॉक्टरकडे दाखवायचं आहे" म्हणून नागपूरले गेली, अन् परत आली तं हातात लाल चिंधीत गुंडाळलेली पोरगी. दवाखान्यात आईचं नाव चंद्रकला लिहिलं, बापाचं ताराचंद. कसं लिहिलं, कोणाले काय सांगून लिहिलं, ते घनश्यामच जाणे.

गावाले समजलं नसन असं वाटते काय तुम्हाले? अवो, गाव आहे ते. पोरीचं नाक पाहा, कपाळ पाहा, हनुवटीची खळी पाहा, घनश्यामच जसाच्या तसा उतरला होता. सगळ्याइले माहीत, अन् कोणालेच माहीत नाही. घनश्यामले भिऊन लोक गप्प राहिले असं समजू नका. चंद्रकलाच्या घरी बारसं झालं ना, त्या दिवशी ज्या बाईनं पाळणा सरकवला होता तीच आली अन् तिनंच पाळण्याची दोरी हलवली. चंद्रकला रडूनही राहिली होती अन् मुरमुऱ्याचे लाडू वाटूनही राहिली होती. ते पाहिल्यावर कोणाची जीभ वळन? गावानं न बोलता ठरवून टाकलं की ही पोरगी चंद्रकलाची.

पोरीचं नाव ठेवलं टीना. भट्टीपाशीच मोठी झाली. रांगायले लागली तवा चंद्रकलानं तिच्या कमरेले लुगड्याची पट्टी बांधून दुसरं टोक आपल्या पायाले बांधलं, भट्टीत जाऊ नये म्हणून. टीना दोन वर्षांची झाली अन् ताराचंदले कावीळ झाली. गेला बिचारा. चंद्रकला महिनाभर कोणाशी बोलली नाही, पण टीनाशी बोलायची. मंग भट्टी पेटली अन् पुन्हा बाजार सुरू झाला. तिले जगात दुसरं काहीच नव्हतं, हे मी भिंतीच्या या बाजूनं रोज पाहत होती.

त्या वेळी आमच्या सरपंच होत्या रत्नाबाई. भांडकुदळ, पण कामाची बाई. नळ आणला, शाळेची भिंत बांधली, घनश्यामच्या माणसाचं एक बिल अडवलं. अन् तिथंच चुकली, कारण तिलेही तिसरं पोर होतं. तान्हा मुलगा, साकोलीले माहेरी आईपाशी ठेवलेला. घनश्यामनं तक्रार ठोकली. एवढ्यावर थांबला असता तं मी म्हटलं असतं राजकारण आहे. पण त्यानं पटांगणात सभा लावली.

मी गेली होती. चंद्रकलाही गेली होती, टीनाले मांडीवर घेऊन, अगदी समोर. भाऊचं भाषण म्हणून. घनश्याम बोलायले उभा राहिला अन् त्याचा आवाज असा भरून आला की बस.

"जी बाई खुर्चीसाठी पोटच्या पोराले लपवते," तो म्हणाला, "ती गावाची माय काय होईन? मी बाप आहे. लेकरू म्हणजे काय असते, ते मले माहीत आहे."

मी चंद्रकलाकडे पाहिलं. ती खाली मान घालून टीनाच्या झग्याची नाडी बांधत होती. तेवढ्यात टीना तिच्या हातातून सुटली अन् लुटुलुटु पळत थेट माईकपाशी. तिले तो माईक पाहिजे होता, बाकी काही नाही. घनश्यामनं तिले उचललं. मले वाटलं आता याची बोबडी वळन, आता हा खाली उतरन. छे! त्यानं पोरीले कडेवर घेतलं, गालाचा पापा घेतला अन् तसंच भाषण पुढं चालू ठेवलं. "हे पाहा, देवाघरचं लेकरू. असं लेकरू कोणी लपवते काय?"

खरं सांगते, दोन चेहरे एकमेकाले लागून होते, एकच नाक, एकच खळी, अन् खाली अख्खं गाव बसलेलं. कोणी हललं नाही. मंग समोरच्या रांगेतल्या त्याच्या माणसाइनं टाळ्या वाजवल्या, अन् मंग सगळ्याइनं वाजवल्या. चंद्रकलानंही वाजवल्या. घरी येताना मी तिले झापलं, की बाई, तुले लाज कशी नाही वाटली टाळ्या वाजवायले. तं म्हणाली, काकू, मी वाजवल्या नसत्या तं लोकाइनं माह्याकडे पाहिलं असतं.

रत्नाबाईचं सरपंचपद गेलं. त्या दिवशी सभेत तीही बसली होती. तिनं टीनाकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. तिनं चंद्रकलाकडे पाहिलं अन् उठून घरी गेली. पण तिचा नवरा राजकुमार, त्याचं डोकं फिरलं. त्यानं भंडाऱ्याले जाऊन घनश्यामविरुद्ध तक्रार दिली की याले बी तिसरी आहे अन् ती चुलत बहिणीकडे लपवली आहे.

झालं. घनश्याम पुन्हा चंद्रकलाच्या दारात. या वेळी पांढरा शर्ट घामानं ओला होता, ते पाहून मले बरं वाटलं. पण चंद्रकला घाबरून गेली. तिले एकच समजत होतं, की तक्रार खरी ठरली तं टीना जाईन. घनश्यामनंही तिले तेच सांगतलं, भाऊपणा करून, डोक्यावर हात ठेवून. तिले साहेबापुढं जाऊन एवढंच सांगायचं होतं की पोरगी माही आहे.

मी तिच्यासंगं गेली भंडाऱ्याले. ऑफिसात साहेबानं विचारलं, ही तुमची मुलगी? चंद्रकलानं टीनाचा हात घट्ट धरला अन् म्हणाली, "हो जी. माहीच आहे." साहेबानं विचारलं, जन्म तुम्हीच दिला? ती पुन्हा म्हणाली, हो जी. आवाज जरा बी हलला नाही. राजकुमारजवळ पुरावा काय होता? नाक अन् खळी. तक्रार फेटाळली गेली अन् घनश्याम सुटला.

पण चंद्रकलाले घनश्याम सुटला याचं काही नव्हतं. ती ऑफिसातून बाहेर आली तं चेहरा असा फुललेला, मी तिले लग्नातही तशी पाहिली नव्हती. भंडाऱ्याच्या बाजारातून पेढे घेतले तिनं. गावात घरोघरी वाटले, रत्नाबाईच्या घरी बी. रत्नाबाईनं पेढा घेतला, हे मी डोळ्यानं पाहिलं. चंद्रकला मले म्हणाली, काकू, आता सरकारनंच ऐकून घेतलं ना, आता टीना पक्की माही झाली. साहेबानं ऐकलं म्हणजे देवानं लिहिलं, असं समजणारी बाई ती. तिनं सरकारदरबारी खोटं सांगतलं होतं, अन् तिले वाटून राहिलं होतं की आपण पोरगी जिंकून आणली.

काही वर्षं चांगली गेली. टीना शाळेत जायले लागली, पाढे म्हणायले लागली, माह्या चक्कीवर येऊन पिठात बोटानं नाव लिहायची. घनश्याम राखीले यायचा, टीनाच्या हातात चॉकलेट द्यायचा अन् ती त्याले "मामा" म्हणायची. मामाले काहीच वाटत नसे. माह्या अंगाची मात्र लाही व्हायची.

मंग विधानसभेची निवडणूक आली अन् घनश्यामले आमदारकीचं तिकीट मिळालं. गावात फटाके फुटले. त्याचे विरोधक बोलून राहिले होते की हा ठेकेदारांचा माणूस आहे, गरिबाइशी याले काही घेणंदेणं नाही. त्यावर त्याच्या डोक्यातून जे निघालं ते ऐकाल तं तुम्हीही तोंडात बोट घालसान.

त्या दिवशी दुपारी लाईट गेली होती. माही चक्की बंद, म्हणून भिंतीपलीकडचं सगळं स्वच्छ ऐकू आलं. घनश्याम बसला, पाणी प्याला अन् म्हणाला, "बाई, टीनाले मी दत्तक घेऊन राहिलो."

चंद्रकला हसली. तिले खरंच मस्करी वाटली.

"भाऊ, आपलीच पोरगी कोणी दत्तक घेते काय?"

"माही कशी?" घनश्याम म्हणाला. "तूच तं भंडाऱ्याले साहेबापुढं सांगतलं, तुही आहे म्हणून."

पुढं तो अगदी शांतपणे समजावत गेला. विधवेची पोरगी आहे, मी मामा आहे, मी तिले पदरात घेतलं तं लोकाइले दिसन घनश्याम कसा आहे ते. आमदाराले पोरांचा नियम नाही, म्हणून आता कायची अडचण नाही. पोरगी भंडाऱ्याच्या बंगल्यात राहीन, चांगल्या शाळेत जाईन, तुही भट्टीतून सुटका होईन. चंद्रकला फक्त "नाही भाऊ, नाही भाऊ" करून राहिली होती. तवा त्यानं आवाज खाली आणला. साहेबापुढं खोटं सांगणं हा गुन्हा आहे, म्हणाला. कोणी ते उकरलं तं मी तं मेंबर माणूस, सुटून जाईन. तू आत जाशीन, अन् पोरगी जाईन अनाथाश्रमात. त्यापेक्षा माह्या घरी काय वाईट आहे?

अवो, ज्या खोट्यानं याची खुर्ची वाचली तेच खोटं यानं तिच्या गळ्याले लावलं! मी भिंतीवरून मान काढली अन् त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. घनश्यामनं वर पाहिलं अन् हसून विचारलं, काकू, तुमची चक्की गावठाणाच्या सरकारी जागेवर आहे ना? मी म्हटलं, उचलून ने चक्की, नेऊन तुह्या बंगल्यात लाव. अजून बोलली असती, पण चंद्रकलानं माह्यापुढं हात जोडले. मी बोलली की टीनाचं काहीतरी होईन, याचीच तिले भीती होती. माही जीभ तिच्या हातानं बांधली गेली.

मंडप शाळेच्या मैदानावर पडला. टीनाले नवा फ्रॉक, कपाळाले टिळा, गळ्यात तिच्यापेक्षा मोठा हार. चंद्रकलाले स्टेजवर बसवलं, साडी-चोळी दिली. घनश्यामची बायकोही बाजूले बसली होती. जन्म दिल्यावर तिनं त्या पोरीले हात लावलेला मी पाहिला नव्हता, त्या दिवशी मात्र तिनं सगळ्याइपुढं टीनाले मांडीवर घेतलं अन् फोटो निघाले. मी त्या बाईच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधून राहिली होती. काहीच नव्हतं. लिपस्टिक तेवढी होती.

घनश्याम माईकवर आला. "काही लोक खुर्चीसाठी स्वतःच्या पोराइले लपवते," तो म्हणाला, "अन् आम्ही दुसऱ्याच्या पोरीले आपली म्हणतो. हाच फरक आहे नीतीचा."

अन् लोक रडले हो! बाहेरगावच्या बाया पदरानं डोळे पुसून राहिल्या होत्या. आमच्या गावचे मात्र दगडासारखे बसले होते. रत्नाबाई मागं उभी होती, ती थुंकली अन् निघून गेली. मले वाटून राहिलं होतं की आता कोणीतरी उठन, कोणीतरी बोलन. पण बोललं तं कोणाचं नुकसान? घनश्यामचं काय जाणार होतं? त्याले आता तिसरी चालत होती, चौथी चालत होती. आत गेली असती ती चंद्रकला. चोर स्टेजवर उभा आहे अन् त्याले चोर म्हटलं तं शिक्षा दुसऱ्याले होईन, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

सभा संपली अन् चंद्रकलानं टीनाचा हात त्याच्या हातात दिला. टीनाले सांगतलं होतं की मामाच्या घरी राहायचं आहे. गाडीत बसताना ती खुशीत होती, काचेतून हात हलवून राहिली होती. दत्तकाचं कागदपत्र? काहीच केलं नाही. हार घातला, फोटो काढला, झालं दत्तक.

त्यानंतरची चंद्रकला मी तुम्हाले कशी सांगू? भट्टी पेटवायची, पण कढईत तांदूळ टाकायचं विसरायची. रेती नुसती तापून लाल. बाजाराले पवनीले जायच्या ऐवजी भंडाऱ्याची बस धरायची, डब्यात मुरमुऱ्याचे लाडू घेऊन. बंगल्यात तिले बाहेरच्या वऱ्हांड्यात बसवत. एक दिवस परत आली अन् माह्या चक्कीच्या उंबऱ्यावर तशीच बसून राहिली. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, "काकू, टीना बाहेर आली, अन् मले म्हणाली, आत्या, तुम्ही कवा आल्या?"

तुम्ही! मायले तुम्ही! घनश्याम पप्पा झाला तं चंद्रकला आत्या होणार, हिशोब बरोबर होता, घनश्यामच्या बायकोनं बरोबर शिकवलं होतं. मी चक्की बंद केली. गिऱ्हाइकं बोंबलत राहिली, पण मी त्या दिवशी दळलं नाही.

घनश्याम पडला. चांगलाच पडला. मले वाटलं आता टीना परत येईन, पण तसं काही झालं नाही. त्याले अजून कुठंतरी आशा होती, कायच्या तरी महामंडळाची. ती बी विझली. मंग आता जिल्हा परिषदेची चर्चा सुरू झाली, अन् लोक म्हणून राहिले की आपल्याकडची जागा बाईसाठी राखीव होईन. घनश्यामनं लगेच बायकोचे फोटो छापून घेतले. नमस्कार करणारे. अन् तवा त्याच्या ध्यानात आलं, की इथं पोरांचा नियम पुन्हा लागतो. घरात मनिष, डिंपल अन् टीना अशी तीन दिसून राहिली होती. दत्तक मोजते की नाही मोजते, कोण वकिलाच्या मागं लागणार? पोरगी उचलली अन् परत पाठवली.

गाडी आली तवा मी चक्कीच्या दारातच होती. ड्रायव्हरनं टीनाले उतरवलं, तिची बॅग उतरवली, अन् गाडी वळवून निघूनही गेला. घनश्यामचा नुसता फोन आला चंद्रकलाले. लोकाइचा गैरसमज होऊन राहिला बाई, म्हणाला, तुही पोरगी तुह्यापाशीच शोभते. त्याच हप्त्यात माह्या नातवाच्या मोबाईलवर त्याचं पवनीचं भाषण आलं होतं. समोरच्या पार्टीच्या कोण्या बाईले तिसरं पोर आहे म्हणे, अन् हा हात वर करून विचारून राहिला होता की अशा लोकाइले कायद्याची लाज आहे की नाही. मी तो मोबाईल पिठाच्या डब्यात फेकला. नातू ओरडला, ओरडू दे.

चंद्रकला भट्टीवरून उठून धावली. हात राखेचे, तोंड राखेचं. तिनं टीनाले छातीशी धरलं अन् तिचे केस, गाल, हात सगळं चाचपून पाहिलं, जशी बाजारातून कोणी चोरून नेलेली वस्तू सापडली. टीना उंच झाली होती. ती रडली नाही, हसलीही नाही. तिनं चंद्रकलाले आई बी म्हटलं नाही अन् आत्या बी म्हटलं नाही.

चंद्रकला तिले घरात घेऊन गेली, पाणी दिलं, लाडू दिला. मी बी मागं मागं गेली. चंद्रकला आनंदानं काय करू अन् काय नाही अशी झाली होती. तिनं बॅग पुढं ओढली, म्हणाली, आण, तुहे कपडे काढून पेटीत ठेवते. तं टीनानं बॅगेच्या चेनवर हात ठेवला.

"नको खोलू," ती म्हणाली. "आधी विचार, निवडणूक कवा आहे."

चंद्रकलाचा हात तिथंच राहिला. तिनं माह्याकडे पाहिलं. मले काय विचारते ती? आठ वर्षांचं लेकरू, अन् त्याले समजून गेलं होतं की आपली माय कोण हे निवडणूक ठरवते.

ती बॅग अजून दाराजवळच आहे. टीना रोज सकाळी तिच्यातून शाळेचा ड्रेस काढते, अन् संध्याकाळी घडी करून परत तिच्यातच ठेवते.